राजाचा पेला आणि आबांचा तांब्या

आबांचा हात थरथरतो म्हणून मी त्यांना पाणी प्यायला दगडाचा पेला आणून दिला.

आबा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म शिंदखेड्याकडे गेला, आता माझ्याकडे जळगावात असतात. भांड्याला ओठ लावणं त्यांना ठाऊक नाही; तांब्या उंच धरायचा आणि वरून धार सोडायची. आजारपणानंतर हात कापायला लागला, पाणी सदऱ्यावर सांडू लागलं, आणि कुणी पाहू नये म्हणून आबांनी पिणंच कमी केलं. त्यात मे महिना. डॉक्टर रागावले. स्टीलचा ग्लास पुढे केला, तर "उष्टं कोन करी?" म्हणून परत.

तेव्हा मला युरोपच्या सहलीत पाहिलेला एक पेला आठवला. रेनेसाँच्या काळातला. अख्खा अकीक दगड पोखरून शिंपल्यासारखा केलेला, काठाला लाटा, मुठीला सोन्याचा ड्रॅगन, त्याच्या डोळ्यांत माणकं. दगड इतका पातळ की पलीकडचा दिवा दिसत होता. गाइड म्हणाली होती, यातून बहुधा कुणी प्यायलंच नसेल, हा पाहुण्यांना दाखवायचा. मी मान डोलावली आणि नेमकं तेवढंच विसरलो. मोबाईलमधला फोटो घेऊन थेट खंबायतला, अकीक घडवणाऱ्याकडे गेलो आणि लहानशी नक्कल करवून आणली. राजाचं भांडं म्हटल्यावर आबा तोंड लावतील, असा माझा हिशेब.

"आबा, असल्या पेल्यातून राजे प्यायचे."

"पेत व्हतीन," आबा म्हणाले. दोन्ही हातांनी पेला उचलला, डोक्याच्या वर नेला आणि ओतला.

काठाला जितक्या लाटा, तितक्या धारा. एक मिशीवर, एक कानात, बाकीच्या सदऱ्यात. तोंडात थेंब नाही.

आधी बायको हसली, मग मी, मग ओलेचिंब आबा. किती दिवसांनी ते सगळ्यांसमोर भिजले आणि त्यांना लाज वाटली नाही. या वेळी चूक पेल्याची होती ना, हाताची नव्हती.

"तांब्या आन," ते सुनेला म्हणाले. "अर्धाच भर. भरेल तांब्या झेपत नही."

झेपत नाही, हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. अर्धा तांब्या वरून प्यायले. थोडं सांडलं, सांडू दिलं. पुन्हा मागितला.

मग पेला माझ्या हातात देत म्हणाले, "ठेव कपाटमा. तुनासारखाच शे हाऊ पेला. दिसाले भारी, कामना काहीच नही."