अठ्ठावन्न किलोंचे मामा

काशीत खाली बघून चालणारे लोक पुष्कळ, कारण गल्लीत शेणावर पाय कधी पडेल याचा नेम नाही. पण शेणाच्याही खालचं बघत चालणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. सरकारी बांधकाम खात्यात जमिनी तपासण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर खात्यानं त्यांना सोडलं, पण मामांनी काही जमिनीला सोडलं नाही. हातात बाराही महिने छत्री, आणि तिचं टोक दिसेल त्या मातीत खुपसायचं. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हा गृहस्थ मांडवाच्या खांबाशी वाकलेला होता. 'खांब चार बोटं खचणार,' असं माझ्या सासऱ्यांच्या कानात सांगून मग त्यांनी अक्षता टाकल्या. पंगतीच्या वेळी खांब खचला आणि मांडवाची झालर मठ्ठ्याच्या पातेल्यात बुडाली, तेव्हा साऱ्या वऱ्हाडात आनंदी चेहरा एकट्या मामांचा होता. मणिकर्णिकेवर कोणाला पोचवायला गेले, तरी लोक रडत असायचे आणि मामा पायऱ्यांचा कल बघत चुकचुकत असायचे. ते चुकचुकणं गेलेल्या माणसासाठी की पायरीसाठी, हे विचारायची सोय नसे.

अशा माणसाला न विचारता मी शहराबाहेर घरासाठी जागा घेतली, हा माझा अतिशहाणपणा. नव्वदच्या दशकातले दिवस, जो तो जागा घेत सुटला होता. शिवाय मला आईची घाई होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई, सगळा संसार रामघाटावर दुसऱ्याच्या घरातल्या दोन खोल्यांत झालेला. तिची इच्छा एकच होती. मरायच्या आधी स्वतःच्या घरात, स्वतःच्या शेगडीवर पहिलं दूध उतू घालवायचं.

मामा जागेवर आले. हातभर खड्डा खणला, माती मळून शेवेसारखी लांबलचक वळली, वास घेतला, चक्क जिभेवर ठेवली आणि थुंकले.

"जावईबापू, इथे पोखरा होता."

"नाही हो मामा, दलाल म्हणाला बाग होती."

"होती ना. कमळांची."

बुजवलेल्या तळ्यावर माझ्या आईचं घर! पण मामांच्या चेहऱ्यावर मात्र जुना दोस्त भेटल्यासारखी कळा. त्यांनी उपाय सांगितला. घराच्या सगळ्या विटा आत्ताच आणायच्या, वर वाळू टाकायची, आणि घराहून जड असा ढीग वर्षभर त्या जागेवर ठेवायचा. खालचा चिखल दबेल, त्यातलं पाणी हळूहळू निघून जाईल, जमीन घट्ट होईल. मगच पाया.

"वर्षभर?" आई कडाडली. "व्याही, मी काय वर्षभर जगायचा मक्ता घेतलाय?"

"विहीणबाई, नव्या सुनेवर पहिल्याच दिवशी सगळ्या घराचं ओझं टाकतो का आपण?"

"माझ्यावर टाकलं होतं!"

मामा म्हणाले, "म्हणूनच सांगतोय." तरुणपणी साहेबाच्या घाईपुढे त्यांनी एकदाच मान डोलावली होती, आणि त्या इमारतीच्या भिंतीत गेलेली तिरपी भेग त्यांच्या मनातून कधी बुजली नव्हती, हे मला बायकोनं नंतर सांगितलं.

ढीग पडला. दर रविवारी मामा पाण्यानं भरलेली लांब नळी घेऊन येत. एक टोक शेजारच्या जुन्या जोत्यावरच्या खुणेशी मी धरायचं, दुसरं ढिगाखालून वर काढलेल्या लोखंडी खांबाशी ते धरणार, आणि जमीन आठवड्यात किती खचली ते वहीत लिहिणार. 'दोन सूत!' असं ते नातवाचे मार्क सांगावेत तसं ओरडत. येणारेजाणारे रिक्षावाले विचारत, "ई का बनत हौ, गुरू?" मामा ऐटीत सांगत, "ज़मीन!"

आई पहिल्यांदा आली ती भांडायलाच. मामांनी विटांच्या चार पायऱ्या रचून तिला ढिगावर चढवलं, खुर्ची दिली, शेजारी स्वतः पोत्यावर बसले आणि वहीत लिहिलं: 'विहीणबाई, बेचाळीस किलो. मी, अठ्ठावन्न.' म्हणाले, "आता तुम्ही आला नाहीत तर ढीग हलका पडेल हो." इतक्या टनांत या दोन हाडकुळ्या जीवांनी काडीचाही फरक पडणार नव्हता. पण आईनं त्यानंतर एक रविवार चुकवला नाही. दोघं वर उन्हात बसून तासभर भांडत, आणि मी खाली नळी धरून उभा.

नवव्या महिन्यात मामाच गेले. झोपेत, कोणाला कसलाही त्रास न देता. मणिकर्णिकेवर सगळे रडत होते आणि मी पायऱ्यांचा कल बघत होतो. दुसरं काही बघवेना.

तेरावा झाला आणि मिस्त्री म्हणाला, "अब काहे का इंतज़ार, बाबूजी?" मलाही मोह झाला, खोटं कशाला सांगू. आईला म्हटलं, सोमवारी पाया खणू.

"कोणाला विचारून?" आई म्हणाली. "त्यांनी वर्ष सांगितलंय. वर्ष होऊ दे."

"अगं, तुलाच तर घाई होती!"

"मी मेलेय का अजून? मग. आणि एक गोणी वाळू आण. अठ्ठावन्न किलो. तोलून आण."

"आई, एवढ्यानं काय होणार आहे?"

"ते कळतं मला. माझ्या बेचाळीसनं तरी काय होत होतं?"

गोणी मी मामांच्या जागी ठेवली. तीन महिने दर रविवारी आई तिच्याशेजारी बसली. आज ते घर उभं आहे, कुठे केसाएवढी भेग नाही, आणि दूध आईनं स्वतःच्या हातानं असं उतू घालवलं की शेगडी विझली. पण मला आठवतो तो शेवटचा रविवार. लागोपाठ चौथ्या आठवड्यात नळीतलं पाणी खुणेवरून हललं नव्हतं. मी खालून ओरडून सांगितलं. आईनं मान डोलावली, गोणीवर हात ठेवला आणि म्हणाली, "व्याही, थांबली हो तुमची जमीन."