गच्च भरून परत आलेली डिस्क

त्या शनिवारी सकाळी आमच्या कॉम्प्युटरने काळ्या पडद्यावर ‘ग्रब, एरर २१’ एवढंच लिहिलं आणि तो गप्प बसला. मी हसलो. ते हसणं आठवलं की आजही माझीच मला चीड येते.

दोन हजार तीन-चारची गोष्ट असेल. मला विंडोजऐवजी वापरायच्या लिनक्सचं वेड लागलं होतं. गडचिरोलीत ते दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, म्हणून जरा जास्तच. पहिल्या हार्ड डिस्कवर विंडोज होतं. मी दुसरी डिस्क जोडून तिच्यावर लिनक्स बसवलं.

मोठी ताई त्याच मशीनवर काम करायची. पीएच.डी.साठी ती गोंडी शब्द गोळा करत होती. तीन वर्षं सुटी मिळाली की एस.टी.ने धानोऱ्याकडे जायची, म्हाताऱ्या माणसांजवळ बसून शब्द लिहून आणायची. वह्यांना वाळवी लागली तेव्हा उरलंसुरलं वाचवायला तिने सगळं टाइप करून घेतलं; वह्यांचा पुढे भुगाच झाला. पुढे विंडोजमध्ये व्हायरस शिरला आणि मी मोठ्या शहाणपणाने तिची फाइल लिनक्सच्या बाजूला हलवली. फ्लॉपीवरही ठेव, असं ती म्हणाली होती. फ्लॉपीचा काय भरवसा, म्हणून मी ते उडवून लावलं.

तेव्हा गाणी हवी असली की आख्खी डिस्क काढून, टॉवेलात गुंडाळून मित्राकडे नेत असू. चंद्रपूरला माझ्या मित्राचं सीडीचं दुकान होतं. गुरुवारी मी दुसरी डिस्क त्याच्याकडे देऊन आलो. गाण्यांसाठी तिच्यावर थोडी जागा मोकळी ठेवली होती. बाकीचा लिनक्सचा भाग विंडोजला दिसत नाही, आणि जे दिसतच नाही त्याला कोण हात लावणार, असा माझा तर्क होता.

शनिवारी मशीन अडलं ते त्यामुळेच, म्हणूनच मला हसू आलं होतं. ते सुरू करणारा ग्रब हा प्रोग्राम अर्धा या डिस्कवर आणि अर्धा त्या डिस्कवर होता. म्हणजे कुलूप घरी, किल्ली चंद्रपूरला. सोमवारी ताईला फाइल छापून गाइडकडे न्यायची होती. मी दुपारची एस.टी. पकडली.

मित्राने चहा मागवला आणि डिस्क माझ्या हातात ठेवली. खूश होता.

“अर्धी डिस्क तं खालीच पडून होती न भाऊ तुई,” तो म्हणाला. “सगळी एक केली, फॉरमॅट मारला अन् गच्च भरून देल्ली.”

विंडोजला न दिसणारा लिनक्सचा भाग त्याला रिकामा वाटला होता. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चार बोरं तरी घालतात. त्याने तेच केलं होतं.

त्याच्याच मशीनला ती दुसरी डिस्क म्हणून जोडली आणि लिनक्सच्या सीडीवरून मशीन सुरू केलं. कमांड तीनदा चुकली. शेवटी डिस्क उघडली. एकच भाग, काठोकाठ गाणी. पुसलेलं परत काढता येतं असं मी वाचलं होतं, पण त्यावर काही लिहिलं नसेल तरच. इथे तीळभर जागा उरली नव्हती. कसली फाइल शोधून राह्यला, असं त्याने विचारलं. जुनंच काहीतरी, असं म्हणून मी उठलो.

रविवारी सकाळी मशीन सुरू करायची फ्लॉपी घालून विंडोज तेवढं सुरू केलं आणि ताईला सगळं सांगितलं. ती ओरडेल, रडेल, मला मारेल, असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“मित्राले सांगतलं काय?” तिने विचारलं.

“नाई.”

“नोको सांगू. त्यानं चांगल्या मनानं केलं.”

मग ती कोरी वही घेऊन बसली आणि आठवतील ते शब्द भराभर लिहायला लागली. सहा-सात पानं झाली. मी जवळच उभा होतो, जाववत नव्हतं. एका शब्दापाशी तिचा पेन थांबला तो थांबलाच. तो शब्द ज्या गावातून आणला तिथे आपण आजच जाऊन विचारून येऊ, मी सोबत येतो, असं मी म्हणालो.

तिने वही मिटली.

“हे ज्या बुढीनं सांगतलं होतं,” ती म्हणाली, “ते दिवाळीतच गेली.”