न उघडलेली प्लेट

शेंबूड, थुंकी, पू. वीस वर्षं हेच तपासून मी पोट भरलं आणि किळस काही मेली नाही. लोकांना वाटतं, प्रयोगशाळेतल्या बाईला सवय होते. कसली सवय! भेंडीची भाजी आजही माझ्या घशाखाली उतरत नाही.

त्याला कारण क्लेबसिएला नावाचा जंतू. हा अंगाभोवती चिकट कवच घेऊन वाढतो, त्यामुळे रक्तातल्या पेशींना तो सहज गिळता येत नाही. जंतू वाढवायच्या झाकणाच्या प्लेटवर त्याचे गुलाबी थेंब उठतात. त्यांना तारेचं टोक लावून वर उचललं की कधीकधी लांब तंतू सुटतो, साखरेच्या पाकाला सुटतो तसा. तो सुटतो का, हे बघणं माझं काम.

छावणीजवळच्या एका खाजगी इस्पितळात मी होते तेव्हा दोन तान्ह्या बाळांच्या रक्तात हाच जंतू निघाला. पहिल्या प्लेटमधला तंतू बोटभर लांबला आणि मी घाईनं झाकण लावून टाकलं. दुसरी प्लेट मी उघडलीच नाही. झाकणातून गुलाबी दिसलं तेवढं पुरे म्हटलं आणि लिहून टाकलं, दोन्हीकडे एकच जंतू.

बाळं वाचली. पण माझ्या कागदावरून डॉक्टरांनी ठरवलं की एका बाळाचा जंतू कुणीतरी हातानं दुसऱ्याकडे नेला. आता हात कुणाचे? नर्सबाईंचे नाहीत, डॉक्टरांचे तर नाहीतच. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. बाळांची दुपटी बदलणारी, फुलंब्रीहून रोज एसटीनं येणारी मावशी सापडली. सगळ्यांदेखत तिला घाणेरडी म्हणून कामावरून काढलं.

जाताना ती माझ्याकडे आली. फिनेलनं भेगाळलेले हात तिनं टेबलावर ठेवले.

"मॅडम, तुमी नीट बघितलं व्हतं ना?"

मी हो म्हणाले.

ती गेल्यावर दुसरी प्लेट उघडली. तंतू नाही. थेंब उचलला की तिथंच तुटायचा. मग दोन्ही जंतू पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले. महिन्याभरानं उत्तर आलं. जंतूची जात एकच, पण कवच घडवणारी जनुकं दोघांची वेगळी. या एका जातीत अशी कितीतरी कवचं असतात. म्हणजे एका बाळाचा जंतू दुसऱ्याकडे गेलाच नव्हता.

डॉक्टरांनी कागद वाचला आणि ड्रॉवरमध्ये सारला. नवी मावशी चांगली आहे, जुनं कशाला उकरायचं, म्हणाले. मला शिसारी आली. त्यांची आलीच, पण माझी स्वतःची जास्त.

रविवारी फुलंब्रीला गेले. मावशी उंबऱ्याशी तूर निवडत बसली होती, आत पाळणा हलत होता. मी सगळं सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मला नका सांगू. सुनेला सांगा. दीड महिना झाला, नातवाला हात लावू देत नाय."

सुनेपुढे उभी राहून मी म्हणाले की चूक माझी होती, मला किळस आली म्हणून मी बघितलंच नाही. सुनेनं बाळ पाळण्यातून उचललं आणि सासूपुढे धरलं.

मावशीनं ते घेतलं नाही. ती आधी मोरीत गेली आणि साबण लावून कोपरापर्यंत हात घासत राहिली.