साइड बॅकचं भविष्य

पावसाळा सरून मैदानातली चिकचिक वाळायला लागली की आमच्या पेठेतल्या तालमीच्या पायऱ्यांवर विद्वान जमायला लागतात. वेळ संध्याकाळी सहाची. एकाचं सायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. एक पतपेढीतून निवृत्त झालेला. एकाचा गुडघा तरुणपणी कुठल्याशा सामन्यात गेला आणि तेव्हापासून तो गुडघा हीच त्याची पदवी. चौथा काहीच करत नाही, म्हणून तो सगळ्यांत मोठ्यानं बोलतो. इथं प्रत्येक तालमीचा फुटबॉल संघ असतो, आणि हे चौघं मिळून येणाऱ्या हंगामाचं भविष्य सांगतात. कोण किती गोल मारणार, कोण बसणार, कुठल्या पेठेचा गोलकीपर कच्चा. मागच्या वर्षी सांगितलेल्याचं काय झालं, असं त्यांना कुणी विचारत नाही. मला फार वाटतं विचारावं. मीही विचारत नाही.

कारण मी त्यांच्या डोक्यावर राहतो. म्हणजे तालमीच्या माडीवर.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सोडली आणि हिंडत हिंडत शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत साचे भरायला लागलो. झोपायला जागा नव्हती. तालमीचे अध्यक्ष, ज्यांना सगळी पेठ आण्णा म्हणते, त्यांनी मला फारसं काही न विचारता ही खोली दिली. "ऱ्हावा की हितं. पोरांची कापडं तेवढी बघा," एवढंच म्हणाले. त्याला बारा वर्षं झाली. सुट्टीच्या दिवशी मी संघाच्या जर्सी धुतो, सरावाला पाण्याच्या बाटल्या घेऊन रेषेजवळ उभा राहतो. आण्णांचे उपकार मोठे आहेत आणि मी ते मनापासून मानतो. पण जिन्यावर पाऊल वाजलं की अजून मी हातातलं काम थांबवतो. वाटतं, खोली सोडा म्हणून सांगायला कुणीतरी आलं.

त्या वर्षी पायऱ्यांवरचा विषय होता आमचा उजवा साइड बॅक. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला असलेलं पोरगं. दोन हंगाम राखीव खेळाडूंत बसून काढलेले. त्याच्या पुढचा खेळाडू नोकरीला लागून पुण्याला गेला आणि जागा रिकामी झाली. साइड बॅकचं काम असं की मागं थांबून समोरच्याला अडवायचं, बॉल मिळाला की रेषेकडेनं पुढं पळून आत पास द्यायचा, आणि लगेच पळत मागं यायचं. गोल झाला तर नाव दुसऱ्याचं. गोल खाल्ला तर नाव ह्याचं.

मी त्याला दोन वर्षं पाच हातांवरून बघत होतो. डावा पाय नुसता चालायला. हेडिंगला डोळे मिटायचा. बॉल यायच्या आधी केसांवरून हात फिरवायचा, कारण कुणीतरी मोबाइलवर शूटिंग करत असायचं. पण परत फिरायचं कधी, हे त्याला इतरांच्या आधी कळायचं. पुढं गेलेला बॉल हातचा जाणार, हे ओळखून हा अर्ध्या वाटेवरून वळलेला असायचा. शिकवून येत नाही ते. पायऱ्यांवरच्या एकानंही ते कधी पाहिलं नव्हतं, कारण बॉल जिथं असेल तिथंच त्यांची मुंडकी.

"ह्या हंगामाला पोरगं धा गोल टाकतंय बघ," दुकानवाला म्हणाला.

"धाच? तुझ्या दुकानातलं गिऱ्हाईक हाईत व्हय धा? पंधरा म्हण की," चौथा ओरडला.

"साइड बॅक हाय त्यो," निवृत्त म्हणाले.

"मग फॉरवर्डला घालायचा. पळतंय न्हवं? पळणाऱ्याला मागं कशाला बांधून ठेवताय?"

"आमच्या टायमाला," गुडघा बोलायला लागला, आणि बाकीच्यांनी चहा मागवला.

असं त्याचं भविष्य ठरलं. जो माणूस मागं धावतो म्हणून चांगला होता, त्याला पुढं उभं करायचं.

हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी असते. खेळाडूनं ज्या संघाच्या कागदावर सही केली त्या संघाचा तो वर्षभर. त्यामुळे नोंदणीच्या आधीच्या आठवड्यात पेठापेठांतून जो कारभार चालतो, तो बघून परगावच्या माणसाला वाटावं इथं लढाई लागलीय. दुसऱ्या पेठेचे लोक खेळाडूच्या घरी पेढे घेऊन जातात, त्याच्या मामाला भेटतात, आईच्या पाया पडतात. यावर उपाय म्हणजे आपला खेळाडू सही होईपर्यंत लपवून ठेवायचा. ही पद्धतच आहे. कुणाला त्यात वावगं वाटत नाही, खेळाडूलाही नाही. उलट ज्याला लपवत नाहीत त्याला कमीपणा वाटतो.

सोमवारी बातमी आली की समोरच्या पेठेतले दोघं आमच्या साइड बॅकच्या दारात दिसले. पुढं कळलं की ते गॅसच्या शेगडीची जाहिरात करणारे होते. पण तोवर पोरगं शहराबाहेर, पेठ वडगावच्या पुढं आण्णांच्या साडूच्या मळ्यावर पोचलं होतं. राखायला तालमीची दोन आडदांड माणसं, आणि मी.

"पावणं, तुमी जावा संगं," आण्णा म्हणाले. "तुमाला कोण वळखत न्हाय. सैपाकबी येतोय तुमाला."

अकरा वर्षं राहून मला कोण ओळखत नाही, हे ते कौतुकानं म्हणाले. मी चार दिवसांची रजा टाकली.

पोराचा मोबाइल काढून घेतला होता. माझा कुणी मागितला नाही. माझ्याकडे मोबाइल असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नसावं. पहिले दोन दिवस पोरगं खुशीत होतं. सकाळी मटण, दुपारी मटण, खाटेवर पाय पसरून पायऱ्यांवरचीच भाषा बोलत होतं. "काका, ह्या वर्षी पेपरात फोटू येतोय बघा माजा." मला त्याची किळस यायला लागली होती. दोन वर्षं एवढ्या मन लावून ज्याचं धावणं पाहिलं, त्याच्या तोंडात त्या चौघांचे शब्द.

बुधवारी दुपारी मी भांडी घासत होतो. तो येऊन शेजारी उकिडवा बसला.

"काका, उद्या सकाळी विद्यापीठाच्या संघाची ट्रायल हाय. आठला."

"आण्णांना सांगितलंस?"

"सांगितलं की. म्हणाले, तुज्या कॉलेजच्या सरांच्या कानावर घालतो, पुढं बघू. पर ट्रायल पुढं जात नसती वो. विद्यापीठाकडनं खेळलं की खेळाडूंच्या भरतीला अर्ज टाकता येतोय. पोलिसात, रेल्वेत. सरांनी वर्षभर ह्याचसाठी पळवलंय मला." मग आवाज उतरवून म्हणाला, "तुमच्याकडं फोन हाय न्हवं? सरांचा नंबर पाठ हाय मला. त्यांना म्हणावं, येऊन घेऊन जावा. सहीच्या आत परत येतो."

त्यात काही चुकीचं नव्हतं. ट्रायल गुरुवारी, सही शुक्रवारी. दोन्ही होण्यासारखं होतं. त्या दोघा आडदांडांना सांगायची मात्र सोय नव्हती. आण्णांचा शब्द सोडून ते पाणीही पीत नसत.

मी शेणखताच्या ढिगाआड जाऊन फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं, मळा कुठं ते विचारलं आणि म्हणाले, "लगेच निघतो. तुम्ही फक्त खूण पटवायला थांबा."

तासाभरात त्यांची मोटारसायकल आली. चूक कुणाची म्हणायची? सरांच्या अंगात कॉलेजचा जांभळा ट्रॅकसूट होता आणि समोरच्या पेठेची जर्सीही जांभळीच. एवढं पुरेसं झालं. लांबून रंग दिसल्याबरोबर एकानं पोराला दंडाला धरून उसात नेलं, पार पलीकडच्या बांधापर्यंत. दुसरा कमरेवर हात ठेवून वाटेत उभा राहिला.

"कुणाकडं, पावणं?"

"मी त्याच्या कॉलेजचा क्रीडा शिक्षक."

"व्हय व्हय. आनि मी कलेक्टर. तुमच्या पेठंला सांगा, हितं कोण न्हाय."

"अहो, ट्रायल आहे त्याची उद्या. ओळखपत्र दाखवतो."

त्यानं ओळखपत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. "आमच्या गल्लीत झेरॉक्सचं दुकान हाय. आसली शंभर काढून देतो."

सर हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझा आवाज ऐकून ओळख पटावी म्हणून बहुतेक, थेट मलाच विचारलं, "मघाशी फोन तुम्हीच केला होता का?"

मला आधी खोली दिसली. खिडकीतली तार, तिच्यावर वाळत टाकलेल्या जर्सी, कोपऱ्यातली माझी पेटी. मी म्हणालो, "मी नाही. मी इथं स्वयंपाकाला आहे."

त्यांनी ओळखपत्र खिशात टाकलं. मग गाडी वळवून गेले. रात्रीच्या जेवणात पोरगं माझ्याकडं बघत होतं, मी ताटाकडं. उसातून त्याला काहीच ऐकू आलं नसावं.

शुक्रवारी सही झाली. गुलाल उधळला, पोराला खांद्यावर घेऊन पेठेतून मिरवलं. पायऱ्यांवरच्या चौघांनी गुलाल लावून घेतला, जणू मळ्यावर भांडी त्यांनीच घासली. हंगामात त्याला फॉरवर्डला घातलं. तीन सामन्यांत एक गोल नाही. चौथ्यापासून तो राखीव खेळाडूंत.

"मी म्हणलोच होतो, दम न्हाय," दुकानवाला म्हणाला.

"तू पंधरा म्हणालतास," निवृत्त म्हणाले.

"पंधरा त्यो म्हणालता. मी धा म्हणालतो."

त्या पायऱ्यांवरून जाताना मला थुंकावंसं वाटायचं. पण मळ्यावर खोटं त्यांच्यातलं कुणी बोललं नव्हतं. मी बोललो होतो. सही पेठेची आणि भीती माझी, दोन्ही मिळून पोराचं वर्ष गेलं. हे कळायला शाळा लागत नाही.

यंदा गणपती झाल्यावर तो माडीवर आला. कॉलेजचं शेवटचं वर्ष त्याचं. सरावाची जर्सी न्यायची होती. मी तारेवरून काढून देत होतो, तेव्हा सहज बोलल्यासारखं म्हणाला, "सर आलते मळ्यावर. मला कॉलेजात सांगितलं त्यांनी."

मी घडी घालत राहिलो.

"तुमी फोन केलता, आनि मग न्हाय म्हणालासा."

"हो."

"तुमची खोली गेली आसती की काका."

त्यात टोमणा नव्हता. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर निदान मी मान खाली घालून ऐकल्या असत्या. पण वीस-एकवीस वर्षांचं पोरगं मला समजून घेत होतं, आणि माझी काय किंमत आहे ते मला त्या समजुतीत दिसत होतं.

जर्सी घेऊन तो निघाला. दारात थांबून म्हणाला, "ट्रायल मंगळवारी हाय. ह्या वर्षी जमंल का वो? तुमाला काय वाटतं?"

खेळाबद्दल मला कुणी काही विचारायची ही पहिलीच वेळ. मी त्याला सांगितलं की डाव्या पायाचं आता काही होणार नाही, तो विषय सोड. ट्रायलला साइड बॅकच खेळतो म्हण, फॉरवर्ड म्हणू नकोस. दोनदा पुढं जा, आणि परत फिरताना निवडणारे बघतायत का, हे बघू नकोस. केसांना हात लावू नकोस.

तो ऐकत होता. मग मी जरा जवळ गेलो.

"समोरची पेठ तुझ्यावर डोळा ठेवून आहे म्हणे, म्हणून या वेळी सहीआधी तुला पन्हाळ्याच्या वाटेवर लपवायचं ठरलंय," मी म्हणालो. "सोमवारी दुपारी येणार घरी. मलाही रजा टाकायला सांगितलीय. तुझी मावशी इचलकरंजीला असते ना? तू रविवारीच निघ."

त्यानं आधी जिन्याकडं बघितलं. मीही बघितलं. खाली पायऱ्यांवर चौघं मोठमोठ्यानं बोलत होते. वर कुणी येत नव्हतं.