शिशाच्या गोळ्या आणि चाचांची कढई

तो शुक्रवार माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही. पोलीस दलातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी सौदी अरेबियातील रास अल खैर येथील एका कंपनीच्या कामगार वसाहतीत सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झालो होतो. लेखनाकडे मी फार उशिरा वळलो आणि स्वतःची कामगिरी सांगताना लेखणी अजूनही अडखळते. तरीही या प्रकरणाचा मला अभिमान आहे, हे संकोच बाजूला ठेवून नोंदवतो.

वसाहतीत रायगड किनाऱ्यावरचे एक वयस्क सुतार होते. सगळे त्यांना चाचा म्हणत आणि त्यांच्या खोलीचा स्वयंपाक तेच करीत. त्यांची गावाहून आणलेली लोखंडी कढई नाहीशी झाल्याची तक्रार त्या आठवड्यात माझ्याकडे आली होती. शुक्रवारी सकाळी ते पुन्हा आले, दार लोटून घेतले आणि रुमाल सोडून माझ्या टेबलावर काही शिशाच्या गोळ्या ठेवल्या. लांबट, एका टोकाला निमुळत्या. कढई शोधताना शेजारच्या खाटेखाली मिळाल्या होत्या.

“बंदुकीच्या आहेत, साहेब,” ते हळूच म्हणाले.

ती खाट रत्नागिरीकडच्या एका क्रेनचालकाची होती. अबोल, कामात चोख, आणि घर त्याच्या एकट्याच्या पगारावर चालणारे. वसाहतीचे व्यवस्थापक म्हणाले, ताबडतोब पोलिसांना कळवा. त्यांचे चुकीचे नव्हते. पण नुसत्या संशयावर तो कोठडीत गेला असता आणि निर्दोष ठरूनही इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, गमावून घरी परतला असता. मी जुम्म्याच्या नमाजापर्यंतचा अवधी मागितला. शंका उरली तर फोन मीच करीन, असा शब्द दिला.

प्रथम दोन पंचांसमक्ष खाटेची आणि कपाटाची झडती घेतली. बंदुकीची दारू, काडतुसाची पुंगळी, हत्याराचा सुटा भाग, काहीही मिळाले नाही. मिळाला तो मासेमारीचा दोर, गळ आणि एक जाड मार्कर पेन. मग त्याला बसवून पाणी दिले. जबाब घेताना मी समोरच्याच्या तोंडाआधी हात पाहतो. त्याच्या मनगटांवर भाजल्याचे बारीक ठिपके होते.

तो सरळ बोलत होता. सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर गळ टाकण्याचा नाद लागला होता, म्हणून दोराला बांधायची वजने स्वतःच ओतून पाहिली. शिसे म्हणजे गाड्यांच्या चाकांचा तोल साधायला लावायची जुनी वजने, वर्कशॉपच्या फोरमनला विचारून भंगारातून घेतलेली. साचा म्हणजे ओली वाळू, तीत मार्करचे टोपण दाबलेले. ओल्या वाळूवर तापलेले शिसे पडताच ते उडाले आणि मनगटे भाजली. फोरमनने दुजोरा दिला, टोपणही गोळीशी जुळले. परंतु शिसे वितळवले कशात, या प्रश्नाला तो गप्प झाला. शेजारी बसलेल्या व्यवस्थापकांनी फोन उचलला.

इतका वेळ सरळ बोलणारा माणूस एवढ्याच प्रश्नाला का अडतो, याचा विचार करताना मला त्या आठवड्यातली पहिली तक्रार आठवली. मी विचारले, “चाचांची कढई कुठे आहे?”

त्याने मान खाली घातली. “साहेब, पोलिसांत द्यायचं तर द्या. चाचांना तेवढं सांगू नका. त्यांच्या आईनं दिलेली कढई आहे ती.”

“मग घासून परत का ठेवली नाहीस?”

“कशी ठेवणार? शिशाचं विष घासून जात नाही म्हणतात. चौघं जेवतो आम्ही तीत.”

कढई पाण्याच्या टाकीमागे मिळाली, जाड प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळलेली. तळाशी शिशाची चकती घट्ट बसली होती. ज्याला खोलीतल्या माणसांच्या पोटाची इतकी काळजी, तो बंदुकीच्या गोळ्या पाडत नाही, असे मी व्यवस्थापकांना म्हणालो. त्यांनी कढई, टोपण आणि गळ यांवरून नजर फिरवली, फोन खाली ठेवला आणि म्हणाले, “खलास.” वसाहतीच्या आत शिसे वितळवायचे नाही, एवढी ताकीद मात्र दिली.

चाचांना सांगणे भाग होते. त्यांनी कढई उलटीसुलटी करून पाहिली. “बंदूक निघाली असती तर एक वेळ समजलो असतो. चार दिवस मी पातेल्यात मासे करपवतोय, आणि हा मुकाट जेवतोय.” मग क्रेनचालकाचे मनगट हातात घेऊन ठिपके पाहिले आणि मलम आणायला गेले.

आता फोरमनच्या परवानगीने वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत क्रेनचालक आणि मी वजने ओततो. साचा कोरडा आणि तापवलेला, हातात मोजे, जेवणापूर्वी साबणाने हात धुणे. साचा थंड असला की वजनावर सुरकुत्या पडतात. माझ्या वजनांवर अजून पडतात. जुनी कढई त्याच कामाला लागली, कोणी स्वयंपाकाला घेऊ नये म्हणून तिला लाल रंगाचा पट्टा ओढला आहे. नवी त्याने चाचांना आणून दिली, तरी जुनीचे भाडे म्हणून चाचा दर शुक्रवारी सर्वांत मोठा मासा उचलतात.

उमेदवारीत मला शिकवले होते की संशयित काय लपवतो ते शोधावे. तो ते कोणापासून आणि कोणासाठी लपवतो, हेही विचारावे, हे मला निवृत्तीनंतर एका कढईने शिकवले. तो क्रेनचालक आजही त्याच खोलीत राहतो. माझ्या सेवापुस्तकात याची नोंद होणार नाही, म्हणून ती येथे केली.