मी वेगळी केलेली जोडी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण— कारण काही नाही, सांगते.

मुरबाडच्या कॉलेजात होते तेव्हा आफ्रिकेतल्या वाळवलेल्या भुंगेऱ्यांची एक पेटी आमच्या हाती लागली. कोणा माजी विद्यार्थ्याने पाठवलेली. अहो, काय ते भुंगेरे! तळहाताएवढे! काळ्या मखमली मानेवर पांढरे पट्टे, आणि उडताना वरची कवचं न उघडता खालून पंख काढतात म्हणे! आजही लिहिताना छाती धडधडते. ते जातींप्रमाणे लावायचं काम माझ्याकडे आणि वनिताकडे आलं. वनिता सापगावची, माझी जिवाभावाची मैत्रीण. दोघी जेवायचंही विसरायचो.

भाताच्या लावणीला वनिता घरी गेली, आणि मी— कशाला हात लावला? तिने शिंगवाले आणि बिनशिंगाचे एकाच कप्प्यात ठेवले होते. वेडी आहे का ही? बिनशिंगाच्यांचं डोकं फावड्यासारखं, अंग चकचकीत. ही दुसरीच जात! मला इतका आनंद झाला की मी ते सगळे उचलून वेगळ्या कप्प्यात टाचण्यांनी टोचले.

मग मुंबईहून तज्ज्ञ बाई आल्या. आपल्या हाताखाली शिकायला त्या आमच्यातल्या एकीलाच नेणार होत्या. कप्पे बघून हसल्या. नर-मादी होते ते. मादीला शिंग नसतं, माती उकरायला डोकं तसं असतं.

"नवराबायकोची ताटातूट कोणी केली?"

मी म्हणाले, "वनिताने."

ती त्याच सकाळी परतली होती. कप्प्यांकडे बघत राहिली. तिचा तो चेहरा— "मी असं लावलं?" स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाली. मग हळूच, "लावलं असंल. ध्यानात नाय."

मुंबईला मी गेले. आज कीटकांच्या जाती लावणं हेच माझं काम, आणि खोटं कशाला बोलू, रोज आनंदाने जाते.

काल वनिताने फोटो पाठवला. उंबरमाळीच्या रानातले हिरवेगार भुंगेरे, एकाला शिंगं, एकाला नाहीत. मी खुर्चीतून उठलेच! खाली तिने लिहिलं होतं, "जोडी हाय का गो ही? मला तशी वाटते. पण तूच सांग, माझ्या नजरेचा भरवसा नाय."

मी लिहिलं, "हो, जोडीच आहे."

तेवढंच लिहिलं.