चेहरा सोडून

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, तोही डिप्लोमाला. पुस्तकात यावं असं माझ्या आयुष्यात काही मोठं घडलेलं नाही. एका लहान कॉलेजात काही पोरांनी एकमेकांना मारलं, एवढंच. पण ते ज्या पद्धतीने मारत, तसं मी कुठे वाचलेलं नाही, म्हणून भीत भीत लिहितो. याने उगाच लिहिलं असं कुणाला वाटलं, तर माझं काही म्हणणं नाही.

कॉलेज नागपूरच्या मनीषनगरात होतं. खाली बेकरी आणि टाइल्सचं दुकान, वरचे दोन मजले आमचे. तिथे विमानतळावरची कामं शिकवत. सामान चढवणं, प्रवाशांना रांगेत लावणं, सुरक्षा, थोडं इंग्रजी बोलणं. वरच्या मजल्यावर प्लायवूडचं विमान होतं. आत भंगारातल्या लक्झरी बसच्या सीटा, आणि खिडक्यांच्या जागी निळ्या आभाळाचे गोल कागद चिकटवलेले. मी ब्लेझर घालून त्या विमानात काढलेला फोटो वडिलांना पाठवला. ते काटोलकडे दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेची राखण करतात. त्यांनी फोन करून विचारलं, "हे उडते का गा?"

रोज सकाळी जिन्यात रांग लागायची. त्याला ग्रूमिंग म्हणत. नखं, दाढी, बूट, टाय आणि शेवटी चेहरा. सर सैन्यातून निवृत्त झालेले. हनुवटीला बोट लावून ते तोंड उजेडाकडे वळवायचे. ओरखडा किंवा सूज दिसली की त्या मुलाला मुलाखतीला पाठवत नसत. "पॅसेंजर पहले तुमचं तोंड पाहतो," म्हणायचे. दुसरी गोष्ट पोलीस पडताळणीची. तिच्याशिवाय विमानतळाच्या आत जायचा पास मिळत नाही. नावावर एखादी तक्रार असली तरी पास अडकतो, असं आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

या दोन गोष्टींतून आमच्याकडच्या मारामारीची रीत तयार झाली होती. चेहरा सोडून मारायचं आणि पोलिसात जायचं नाही. हे कुणी शिकवलं नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं.

मी पहिल्यांदा ते तळघरातल्या पार्किंगमध्ये पाहिलं. चार पोरांनी ब्लेझर काढून घडी करून गाडीच्या सीटवर ठेवले. टाय खिशात घातले. मग एकाला भिंतीशी दाबून मांडीवर गुडघे घातले. तो खाली बसला तेव्हा पॉलिश केलेल्या बुटांनी बरगड्यांत लाथा घातल्या. आवाज ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा येत होता. मार खाणाऱ्याने पोट झाकलं नव्हतं. दोन्ही हात चेहऱ्यावर घट्ट धरले होते. झाल्यावर सगळ्यांनी गाडीच्या आरशात पाहून भांग पाडले, त्यानेही पाडला. वर इंग्रजीचा तास होता. मॅडमनी त्यालाच विचारलं, "हाउ आर यू टुडे?" तो उभा राहिला, एका हाताने बाक धरून. "आय ॲम फाइन, थँक यू."

मारणाऱ्यांमध्ये जो सगळ्यात उंच होता त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे. नागपुरातलाच, बोलणं अर्धं हिंदी, हसला की वर्ग हसायचा. मला तो संत्र्या म्हणायचा. माझं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं. मग विमानतळावर सामान हाताळणाऱ्या एका कंपनीने कॉलेजकडे मुलं मागितली. जागा एकच होती, रॅम्पवरची. रॅम्प म्हणजे विमानं उभी राहतात ती मोकळी जागा. सरांनी चाचणी घेतली, वजनाची बॅग खांद्यावर घेऊन जिने चढायचे. मी लहानपणापासून संत्र्याचे क्रेट उचललेत. मी वर पोचलो तेव्हा कॅप्टन मधल्या वळणावर कठड्याला टेकून धापा टाकत होता. सर वरून ओरडले, "अरे, संतरेवाला तेरे आगे निकल गया!" सगळा जिना हसला. पहिल्यांदाच पोरं त्याला हसली.

शेवटी सरांनी आम्हा दोघांचीही नावं मुलाखतीसाठी पाठवली. पण ते हसणं त्याच्या डोक्यात राहिलं.

शनिवारी बेशिस्त प्रवाशाचं प्रॅक्टिकल असायचं. एक जण दारुड्या प्रवासी व्हायचा, बाकीचे कर्मचारी. त्याला समजवायचं, ऐकलं नाही तर हात बांधून सीटवर दाबून धरायचं. सरांची शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नाही. "सोडा, लागतंय, असं प्रत्येकच पॅसेंजर म्हणतो," सर सांगायचे. "भुलायचं नाही."

त्या शनिवारी प्रवासी मी होतो. माझी मनगटं प्लास्टिकच्या पट्ट्यांनी सीटच्या दांड्यांना बांधली. समोर वर्गातली एक मुलगी क्रूची प्रमुख होती. ती पाठ केलेलं वाक्य म्हणत होती, "सर, प्लीज रिमेन सीटेड." कॅप्टन माझ्या मागे होता. पहिला गुडघा सीटच्या फटीतून कमरेत बसला. मग त्याने पंजाची वाटी केली आणि माझ्या डाव्या कानावर हाणली.

आत काहीतरी फट्ट झालं. मग चहाचं भांडं उतू जावं तशी सूं सूं सुरू झाली. मी ओरडलो, "सर, मले खरंच लागलं! कान गेला माहा!"

सर खूश झाले. "शाब्बास! खरा पॅसेंजर इंग्लिशमध्ये नाही ओरडत."

"सर, प्लीज रिमेन सीटेड," मुलगी म्हणाली.

"अबे संत्र्या, निकल ना आगे," कॅप्टन मागून हळूच म्हणाला आणि त्याच कानावर दुसरी बसली. मी पट्ट्या ओढल्या, मनगटं कापली गेली. माझे डोळे फिरले असावेत. त्या मुलीने ते पाहिलं. तिने वाक्य अर्धं सोडलं, सीटवरून वाकली आणि कॅप्टनचं मनगट बाहीसकट दातांत धरलं. तो किंचाळला. किंचाळणं त्याच्या भूमिकेत नव्हतं, म्हणून ते खरं आहे हे सरांना लगेच कळलं. शिट्टी वाजली.

पट्ट्या कापल्यावर मी उठलो आणि दोन सीटांच्या मधे आडवा झालो, गालिच्यावर उलटी केली. सरांनी त्या मुलीला शून्य दिलं. "क्रू चावत नाही," म्हणाले. कॅप्टनला चांगले मार्क पडले. ती मला जिन्यात म्हणाली, "त्याच्या हातावर माझे दात उमटलेत. तेवढं बस आहे."

सोमवारी ग्रूमिंगला सरांनी माझी हनुवटी उजेडाकडे वळवली. "एकदम क्लीन," म्हणाले. तेवढ्यात मी तोल जाऊन भिंतीला धरलं. मग त्यांनीच मला स्कूटरवर सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कानात पाहून सांगितलं, पडद्याला छिद्र आहे, पाणी जाऊ देऊ नको, दोन-तीन महिन्यांत आपोआप भरतं, कधी नाही भरत. "कुणी मारलं? पोलिसांना कळवायचं?"

"बॉल लागला," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "रॅम्पच्या मेडिकलमध्ये कान तपासतात, बेटा." ते मला माहीत होतं. इंजिनच्या आवाजात मागून येणारी गाडी ज्याला ऐकू येत नाही त्याला रॅम्पवर घेत नाहीत. मुलाखत तर महिन्यावर आली होती.

मी चुलतभावाच्या खोलीवर राहायचो. तो विमानतळाजवळच्या मिहान वसाहतीतल्या एका गोदामात हमाली करतो. मी त्याला दादा म्हणतो. कानात कापूस पाहून त्याने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा माझी कॉलर धरली. मी सांगितलं. दोन दिवसांनी तो म्हणाला, "चाल, चहा पिऊन येऊ."

मिहानच्या सर्व्हिस रोडवर त्याचे दोन सोबती कॅप्टनची गाडी अडवून उभे होते. दादाने माल बांधायची पट्टी कमरेला गुंडाळून आणली होती. लोखंडी बकल असलेली. पहिला फटका मांडीवर बसला आणि कॅप्टन गुडघ्यांवर आला. त्या पहिल्या फटक्याला मला बरं वाटलं, हे खोटं कसं सांगू. दुसऱ्याला पँट फाटली. तिसरा पाठीवर बसला तेव्हा त्याच्या तोंडून आवाजच निघाला नाही, फक्त हवा निघाली. हात दोन्ही चेहऱ्यावर.

"दादा, केस झाली त माहं गेलं!" मी त्याच्या दंडाला लोंबकळलो. बकल माझ्या कोपरावर आदळलं.

"तोंडाले हात लावला का मी?" दादा धापा टाकत म्हणाला. "पाह्य, तोंड साफ आहे."

"संत्र्या, बस कर म्हण ना बे याला," हातांच्या आडून कॅप्टन म्हणाला. "मी नाही जात पोलिसात. माझाही पास अडकेल."

दादाने थांबून पट्टी गुंडाळली. मग वाकून त्याला सांगितलं, "याचा कान भरला त ठीक. मेडिकलचा रिझल्ट येऊ दे. नाही भरला ना, त तुह्या मायलेही तुही ओळख पटणार नाही. मंग तोंडच पयले."

परतताना मी त्याला म्हटलं, तोंडावर मारलंस तर केस होईल, त्यात माझंही नाव येईल, मग मला कुठेच पास मिळणार नाही. तो म्हणाला, "कान नसन त पास काय चाटतं का बे?"

मुलाखतीत आम्ही दोघंही निघालो. मेडिकल रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात झालं. काचेच्या खोपट्यात बसवून कानांवर हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाचं झटपट झालं. डाव्यात ती सूं सूं अजून होती, आणि बारीक आवाज तिच्यातून वेगळा काढता येत नव्हता. काचेतून समोर कॅप्टन दिसत होता. बाकावर अजूनही नीट टेकता येत नव्हतं म्हणून तो पुन्हा पुन्हा मांडी बदलत होता. आमची नजरानजर झाली. त्याने हाताची मूठ करून अंगठा हवेत दाबून दाखवला. दाब, दाब, असं तो मला सांगत होता. मी दोन-तीनदा अंदाजाने दाबलं. तपासणाऱ्या बाईंनी मशीनवरून मान वर करून पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

मग वाट पाहणं. दादा रोज कामावरून आला की दारातूनच विचारायचा, "आला का?" ती पट्टी खिळ्याला टांगलेली असायची. कॉलेजात कॅप्टन लांबून विचारायचा, फक्त भुवया उचलून. तो आता मला संत्र्या म्हणत नव्हता. पार्किंगमध्ये जायचं त्याने सोडलं होतं.

एका रविवारी दादा आणि त्याचे ते दोघे सोबती खोलीत तर्री-पोहे खात बसले होते. फोन वाजला. सरांचा होता. मी उजव्या कानाला लावला. ते बराच वेळ बोलले. मी "हो सर, हो सर" म्हणत राहिलो. तिघांचे हात प्लेटमध्ये थांबले होते.

"काय म्हणे गा?" दादा उठला. त्याचा हात खिळ्यापर्यंत गेला होता.

"फिट," मी म्हणालो.

"अबे!" त्याने पाठीत एवढ्या जोराने बुक्का मारला की मी भिंतीवर गेलो. तिघांनी मला बुकलून काढलं, हसत. "कधीपासून जाऊन राहिला मंग?"

"कळवतील."

सर म्हणाले होते, डाव्या कानाचं जमलं नाही, बेटा, त्यांनी तुला अनफिट केलं. ऑपरेशन करून घे, मग पुढच्या वर्षी पाहू. जागा कॅप्टनला मिळाली. सोमवारपासून तो रॅम्पवर रुजू होतोय.